न्यूयॉर्कचं ट्रिनिटी चर्च नीट कसं बघायचं: आधी थडगी, मग जमीन, इमारत शेवटी

भारतातून पाहुणे आले की आपली न्यू जर्सीची मंडळी त्यांना घेऊन वॉल स्ट्रीटला जातात, बैलासोबत फोटो, स्टॉक एक्स्चेंजसमोर फोटो, आणि ब्रॉडवेवर ते उंच टोकदार मनोऱ्याचं चर्च दिसतं तिथे आत डोकावून "छान आहे हां" म्हणून पाच मिनिटांत बाहेर. मला दरवेळी हळहळ वाटते. कारण अमेरिका नावाचा देश व्हायच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी ही संस्था सुरू झाली, राजाची सनद, गुलामगिरी, क्रांती, आग, जमिनीचे खटले, अकरा सप्टेंबर, सगळं तिच्या अंगावरून गेलंय आणि त्यातलं बरंचसं आजही तिथे उभं राहून बघता येतं. फक्त कुठून सुरुवात करायची ते माहीत पाहिजे, म्हणून हे लिहितेय.

आधी एवढं डोक्यात ठेवा की ट्रिनिटी हे एपिस्कोपल चर्च आहे, आणि एपिस्कोपल म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचीच अमेरिकेतली शाखा, अमेरिका स्वतंत्र झाल्यावर वेगळी झालेली. मुंबईचं फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल पाहिलं असेल तर ते त्याच अँग्लिकन घरातलं. आणि पॅरिश म्हणजे एक ठरावीक वस्ती, तिचं चर्च, तिचा रेक्टर म्हणजे मुख्य धर्मगुरू, आणि कारभार बघणारं विश्वस्त मंडळ ज्याला व्हेस्ट्री म्हणतात. हे व्हेस्ट्री प्रकरण महत्त्वाचं आहे, पुढे सारखं येणार आहे, कारण चर्चचा खरा इतिहास प्रवचनांपेक्षा व्हेस्ट्रीच्या ठरावांत जास्त सापडतो.

जायचं कसं, तर एडिसन-इझलिनवाल्यांनी मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटची ट्रेन पकडून न्यूअर्क पेन स्टेशन, तिथून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर, जर्नल स्क्वेअरवाल्यांना तर थेट पाथ. बाहेर पडलं की चालत काही मिनिटं. गाडी नेऊ नका, पार्किंगचे पैसे आणि डोक्याला ताप दोन्ही वाचतील. आत जायला तिकीट नाही. चर्च चालू आहे, नुसतं म्युझियम नाहीये, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळा वेबसाइटवर बघून निघा आणि प्रार्थना सुरू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा, कोणी हटकत नाही. लोक उभे राहिले की उभं राहावं, गुडघे टेकणं सक्तीचं नाही, प्रभुभोजनाच्या म्हणजे भाकरी-द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या वेळी बाप्तिस्मा झालेला नसेल तर जागेवर बसून राहिलं तरी चालतं किंवा पुढे जाऊन छातीवर हात दुमडून नुसता आशीर्वाद घेता येतो.

आता मुख्य मुद्दा. चर्चच्या दारापाशी पोचलात की आत शिरू नका. समोर दिसतेय ती इमारत या जागेवरची तिसरी आहे, १८४६ ची. पहिली १६९८ ची होती ती जळाली, दुसरी १७९० ची होती ती बर्फाच्या भाराने खिळखिळी झाली म्हणून पाडावी लागली. म्हणजे इमारत बघून तुम्हाला जास्तीत जास्त एकोणिसाव्या शतकाचा इतिहास कळेल. जुनं सगळं बाहेर आहे, आवारात. म्हणून आधी उत्तरेकडच्या दफनभूमीत जा.

तिथे रिचर्ड चर्चर नावाच्या मुलाचं थडगं शोधा. तपकिरी वाळूखडकाचा बुटका दगड आहे, चटकन लक्षात येत नाही. मृत्यू ५ एप्रिल १६८१, वय पाच वर्षं पाच महिने, असं त्यावर कोरलेलं आहे. दगडाच्या मागच्या बाजूलाही बघायला विसरू नका, कारण खरी गंमत तिकडेच आहे, पंख लावलेलं वाळूचं घड्याळ आणि त्याखाली कवटी आणि हाडं. सतराव्या शतकातल्या लोकांना मरण असं उघड्या डोळ्यांनी बघायची सवय होती, मुलाच्या थडग्यावरसुद्धा काळ उडून जातो हेच कोरायचे. आणि आता तारीख परत बघा. ट्रिनिटीला सनद मिळाली १६९७ मध्ये, म्हणजे हे थडगं चर्चपेक्षा सोळा वर्षांनी जुनं. ही जागा आधी गावाची सार्वजनिक दफनभूमी होती, चर्च नंतर आलं. ज्या क्षणी हे लक्षात येतं त्या क्षणी "चर्च बांधलं आणि मग शेजारी माणसं पुरली" हे डोक्यातलं चित्र उलटं होतं, आणि म्हणूनच मी सगळ्यांना पहिल्यांदा या दगडापाशी घेऊन जाते.

थडगी वाचायची एक पद्धत आहे. दगडाला हात लावू नका, घासू नका, खडूने अक्षरं भरू नका, हा दगड पापुद्र्यांनी सुटतो. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जा, तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं आपोआप उठून दिसतात, नाहीतर मोबाइलचा टॉर्च बाजूने आडवा धरा. आधी मृत्यूचं साल, मग वय, मग कोणाची बायको-कोणाचा मुलगा, मग वरची नक्षी. आजूबाजूची लहान मुलांची थडगी मोजायला लागलात तर त्या काळच्या घरांत काय चाललं होतं ते वेगळं कोणी सांगायला लागत नाही.

याच भागात विल्यम ब्रॅडफर्डची आठवण आहे, न्यूयॉर्कचा पहिला छापखानेवाला, १७५२ मध्ये गेला. मग दक्षिणेकडे या. तिथे गर्दी दिसेल कारण अलेक्झांडर हॅमिल्टन तिथे आहे, पांढऱ्या संगमरवराचं स्मारक, रेक्टर स्ट्रीटच्या कुंपणाजवळ. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री, १८०४ मध्ये राजकीय प्रतिस्पर्धी एरन बरशी द्वंद्वयुद्धात गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी, १२ जुलैला गेला. द्वंद्वयुद्ध झालं वीहॉकनला, म्हणजे आपल्या जर्सीतच. यातली कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे मरणाच्या दारात असताना त्याने प्रभुभोजन मागितलं तेव्हा बिशप बेंजामिन मूर, जे ट्रिनिटीचेच रेक्टर होते, त्यांनी आधी नकार दिला, कारण द्वंद्वयुद्ध हे पाप, नंतर त्याने पश्चात्ताप आणि बरला क्षमा केल्याचं सांगितल्यावर दिलं. त्याच्याजवळच बायको एलायझाचा साधा सपाट दगड आहे, ती त्याच्यानंतर पन्नास वर्षं जगली, १८५४ मध्ये गेली. फुलं, नाणी तिच्या दगडावरही ठेवलेली असतात ते बघून मला फार बरं वाटतं.

आता या आवारात कोण नाही ते विचारा. जुन्या कोणत्याही चर्चचा इतिहास बघताना हा प्रश्न विचारायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. ऑक्टोबर १६९७ मध्ये, सनद मिळाली त्याच वर्षी, व्हेस्ट्रीने ठराव केला की चार आठवड्यांनंतर चर्चच्या आवारात कोणाही काळ्या माणसाला पुरायचं नाही. आणि पहिलं चर्च बांधताना गुलामांचे श्रम वापरले गेले होते. म्हणजे ज्यांनी दगड वाहिले त्यांना शेवटची जागा नाही. मग त्यांना कुठे पुरलं? शहराच्या तेव्हाच्या हद्दीबाहेर. ती जागा पुढे इमारतींखाली गाडली गेली, लोक विसरले, आणि १९९१ मध्ये सरकारी ऑफिसच्या इमारतीसाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा सांगाडे निघाले. चारशेहून जास्त लोकांचे अवशेष काढले आणि २००३ मध्ये मानाने परत पुरले, आज ते आफ्रिकन बरियल ग्राउंड नॅशनल मॉन्युमेंट आहे, ड्युएन स्ट्रीटला, ट्रिनिटीहून ब्रॉडवेने उत्तरेला चालत पंधरा मिनिटांच्या आसपास. ट्रिनिटी बघून तिथे गेला नाहीत तर इतिहास अर्धाच बघितला असं समजा. आणि गोष्ट एकरंगी नाही हेही तितकंच खरं, कारण १७०४ पासून एलियास नो नावाच्या फ्रेंच प्रोटेस्टंट व्यापाऱ्याने याच शहरात गुलामांना धर्मशिक्षण द्यायची शाळा चालवली आणि ट्रिनिटीच्या काळ्या सभासदांतूनच पुढे सेंट फिलिप्स हे त्यांचं स्वतःचं एपिस्कोपल चर्च उभं राहिलं, ते आज हार्लेममध्ये आहे.

थडग्यांनंतर जमीन. यासाठी फोनवर लोअर मॅनहॅटनचा नकाशा उघडा आणि रस्त्यांची नावं वाचत जा. रेक्टर स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, व्हेस्ट्री स्ट्रीट हे तर उघडच आहेत. व्हेसी स्ट्रीट म्हणजे विल्यम व्हेसी, ट्रिनिटीचा पहिला रेक्टर, १६९७ पासून १७४६ पर्यंत. बार्कली स्ट्रीट त्याच्यानंतरचा रेक्टर हेन्री बार्कली. मरे, चेंबर्स, रीड ही व्हेस्ट्रीतल्या माणसांची नावं. एवढ्या मोठ्या पट्ट्यातल्या रस्त्यांना एका चर्चच्या माणसांची नावं का, तर रस्ते पाडले तेव्हा खालची जमीन चर्चची होती.

ती आली कशी ते सांगते. १६९७ मध्ये राजा तिसऱ्या विल्यमच्या नावाने सनद मिळाली, तिचा खंड म्हणे वर्षाला मिरीचा एक दाणा. (१९७६ मध्ये राणी एलिझाबेथ ट्रिनिटीत आली तेव्हा थकबाकी म्हणून तिला २७९ मिरे खरोखर देण्यात आले, एका दाण्याचाही घोळ नको म्हणून मी वजाबाकी करून बघितली, बरोबर येतं.) मग १७०५ मध्ये राणी ॲनने मॅनहॅटनमधली २१५ एकर शेतजमीन चर्चला दिली. आपल्याकडे छत्रपतींनी, पेशव्यांनी देवस्थानांना इनाम जमिनी दिल्या तसंच समजा, आणि इनाम जमिनींचं पुढे जे होतं तेच इथेही झालं, म्हणजे खटले. या जमिनीचा एक तुकडा पूर्वी आनेके यान्स नावाच्या डच बाईचा मळा होता, बासष्ट एकराचा. ती १६६३ मध्ये गेली, १६७१ मध्ये तिच्या वारसांनी तो इंग्रज गव्हर्नरला विकला, पण एका वारसाकडची सही झाली नाही, आणि त्या एका सहीवरून तिचे वंशज अठराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत ट्रिनिटीवर दावे लावत राहिले. सगळे हरले. मधल्या काळात "तुम्ही पण आनेकेचे वारस आहात, वर्गणी भरा, मॅनहॅटनचा हिस्सा मिळेल" असं सांगून साध्या माणसांना गंडवणारेही निघाले. सातबारा आणि वारसनोंदीचं प्रकरण घरात बघितलेल्या कोणालाही हे लगेच कळेल.

जमीन होती म्हणून ट्रिनिटी खूप काही देऊ शकली. १७५४ मध्ये किंग्ज कॉलेज सुरू झालं, त्याचे पहिले वर्ग ट्रिनिटीच्या शाळेत भरले आणि कॉलेजला जागा चर्चनेच दिली, तेच आजचं कोलंबिया विद्यापीठ. पण जमीन होती म्हणूनच एक काळं पानही आहे. एकोणिसाव्या शतकात चर्चच्या जमिनीवर गरिबांच्या कोंदट चाळी उभ्या होत्या. १८८७ चा कायदा म्हणत होता की प्रत्येक मजल्यावर पाणी द्या, आणि ट्रिनिटीने त्याला कोर्टात विरोध केला. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ कोर्टाने चर्चच्या विरोधात निकाल दिला. प्रत्येक मजल्यावर नळ, एवढीच मागणी होती! वर्तमानपत्रांनी पुढे बरीच वर्षं ताशेरे झोडले तेव्हा कुठे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चने त्यातल्या बऱ्याच चाळी पाडल्या. हे वाचून देवळात जावं की नाही असं काहींना वाटेल, मला उलट वाटतं की ज्या संस्थेचे स्वतःचे कागद इतके जपलेले आहेत तिच्याबद्दल आपण खरं बोलू शकतो. आजही हडसन स्क्वेअर भागात चर्चकडे सुमारे १४ एकर जमीन आहे, त्यावर मोठाली ऑफिसं आहेत, जगातल्या सर्वात श्रीमंत पॅरिशमध्ये ती गणली जाते आणि त्या उत्पन्नातून बरंच दानधर्माचं काम चालतं.

यानंतर लगेच मुख्य इमारतीत न जाता ब्रॉडवेने थोडं वर, फुल्टन स्ट्रीटपाशी सेंट पॉल्स चॅपलला जा, ते ट्रिनिटीचंच. १७६६ चं, मॅनहॅटनमध्ये अजून उभं असलेलं सर्वात जुनं चर्च. क्रांतीची गोष्ट समजून घ्यायची तर तिथल्या बाकावर बसून समजून घ्या.

अडचण काय होती, तर हे राजाचं चर्च. प्रार्थनापुस्तकातच राजासाठी प्रार्थना. धर्मगुरूला दीक्षा देतो तो बिशप म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, आणि अमेरिकेत बिशप एकही नाही, त्यामुळे धर्मगुरूची दीक्षा घ्यायची तर बोटीने लंडनला जायचं, व्हेसी स्वतः तसाच गेला होता. १७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन फौज घेऊन न्यूयॉर्कात आले, एका रविवारी सकाळी त्यांच्या एका अधिकाऱ्याने निरोप आणला की जनरल आज चर्चला येणार आहेत, राजासाठीच्या प्रार्थना गाळल्यात तर बरं. तेव्हाचे धर्मगुरू चार्ल्स इंग्लिस यांनी त्या गाळल्या नाहीत. एकदा तर प्रार्थना चालू असताना शंभर-दीडशे सशस्त्र माणसं ढोल-बासरी वाजवत आत शिरली, सगळे घाबरले, इंग्लिस वाचतच राहिले. त्यांची बाजू हरणारी होती, पण त्या सकाळी त्या माणसाच्या गळ्यातून आवाज कसा निघाला असेल असं मला नेहमी वाटतं. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला, इंग्रजांनी शहर घेतल्यावर आठवड्याभरात, मोठी आग लागली आणि पहिलं ट्रिनिटी त्यात गेलं, सुरुवातीच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्याही गेल्या. सेंट पॉल्स वाचलं कारण लोकांनी रांग लावून बादल्यांनी पाणी ओतलं.

युद्ध संपलं, इंग्लिस निघून गेले, आणि प्रश्न उभा राहिला की राजाशिवाय हे चर्च चालवायचं कसं. लंडनचे बिशप राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय कोणाला बिशप करू शकत नव्हते. म्हणून कनेक्टिकटचे सॅम्युअल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि नोव्हेंबर १७८४ मध्ये ॲबरडीनला बिशप होऊन आले. मग इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा बदलला आणि फेब्रुवारी १७८७ मध्ये ट्रिनिटीचे रेक्टर सॅम्युअल प्रोवोस्ट लंडनला बिशप झाले. १७८९ मध्ये अमेरिकन चर्चची घटना आणि स्वतःचं प्रार्थनापुस्तक आलं, राजाच्या जागी राष्ट्राध्यक्षांसाठी प्रार्थना आली. आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला वॉशिंग्टनने फेडरल हॉलवर राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि तिथून चालत थेट या चॅपलमध्ये प्रार्थनेला आले, कारण ट्रिनिटीचं बांधकाम चालू होतं. तेरा वर्षांत केवढा फेरा!

चॅपलच्या मागच्या दफनभूमीतून वर्ल्ड ट्रेड सेंटर अगदी समोर आहे, मधे फक्त चर्च स्ट्रीट. ११ सप्टेंबर २००१ ला टॉवर पडले तेव्हा आवारातलं एक जुनं सिकॅमोरचं झाड उन्मळलं आणि चॅपल शाबूत राहिलं. नंतर साधारण आठ-नऊ महिने ढिगारा उपसणारे कामगार, फायरवाले, पोलीस इथे जेवायचे, बाकांवर झोपायचे. आत त्याची आठवण मांडलेली आहे, तिथे घाई करू नका.

आता ट्रिनिटीत परत या आणि आत जा. आर्किटेक्ट रिचर्ड अपजॉन, उद्घाटन २१ मे १८४६, मनोरा २८१ फूट, १८६९ पर्यंत देशातली सर्वात उंच इमारत. दगड जर्सीतल्या लिटल फॉल्सच्या खाणीतला. आत वर बघा, छताच्या कमानी दगडी वाटतात पण प्लास्टरच्या आहेत. आणि फोनवर कंपास उघडून बघा, वेदी पश्चिमेला आहे, जुन्या रीतीप्रमाणे ती पूर्वेला हवी, पण दार ब्रॉडवेकडे म्हणजे पूर्वेला ठेवलं म्हणून उलटं झालं. दाराचे ब्राँझचे पट रिचर्ड मॉरिस हंटच्या आराखड्याचे, नंतर बसवलेले, उजेडात बाहेरून बघा.

आणखी खोलात जायचं असेल तर चर्चच्या अर्काइव्हजना ईमेल करा. व्हेस्ट्रीची इतिवृत्तं १६९७ पासूनची आहेत. मात्र "इतिहास सांगा" असं विचारलंत तर माहितीपत्रकच मिळेल. एक नाव, एक अंदाजे साल आणि एकच प्रश्न लिहा, उदाहरणार्थ अमुक साली अमुक रस्त्यावरची जमीन कोणाला भाड्याने दिली होती. नोंदवही वाचताना साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या, पुढचा धागा बहुतेक तिथूनच मिळतो, आणि जुनं स्पेलिंग तसंच लिहून घ्या, स्वतः सुधारू नका.

हीच पद्धत दुसरीकडेही चालते. फिलाडेल्फियाला क्राइस्ट चर्च आहे, १६९५ ची पॅरिश, तिच्या दफनभूमीत बेंजामिन फ्रँकलिन, बॉस्टनला १७२३ चं ओल्ड नॉर्थ. दोन्हीकडे थडगी, जमीन, व्हेस्ट्रीचे कागद, इमारत याच क्रमाने जा. मुंबईत असाल तर हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमसमध्ये पाया १६७६ चा आणि पहिली प्रार्थना १७१८ च्या नाताळची, मधली चाळीसेक वर्षं काम रखडलेलं होतं. तिथे बाहेरच्या थडग्यांऐवजी भिंतीवरचे संगमरवरी फलक वाचायला घ्या, नाव, हुद्दा, वय आणि कशाने गेला हे चारच रकाने वहीत आखून घ्या आणि दारापासून डावीकडून सुरुवात करा.